‘योग्य’ म्हणजे काय? : ‘रुक्मिणीस्वयंवर’ ते ‘बालक-पालक’

१

मणिकर्णिकेकडून पंचगंगेच्या दिशेने गंगेच्या काठाकाठाने चालू लागले की शिंदे घाटापाठोपाठ संकठा घाट लागतो. त्याच्या एका अंगाला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या नावाशी निगडित असलेला शिंदे घाट आणि दुसऱ्या अंगाला, गंगामहालाच्या पलीकडे, नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. आणखी पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. मराठी माणसाच्या काशीचा हा जणू मध्यभाग होय. ज्या देवीवरून या घाटाला नाव मिळाले ती संकठा देवी म्हणजे काशीखंडात वर्णिलेली विकटा मातृका होय, असे काशीच्या अभ्यासकांनी मानले आहे. तिच्या स्थानाला काशीखंडात पंचमुद्र महापीठ असे नाव आहे.

या पीठाशी जोडलेली काशीखंडातील कथा मूल आणि वडीलधारी माणसे यांच्या संबंधाची आहे. मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल राजाला घातक ठरेल, असा सल्ला राणीला मिळतो आणि ती नवजात अर्भकाला विकटा देवीच्या पुढ्यात ठेववते. मोठ्यांनी ‘अयोग्य’ ठरविलेले हे मूल मातृका मात्र राज्याला योग्य ठरवितात आणि परत पाठवितात. पुढे हेच मूल ज्या लिंगाची आराधना करते ते वीरेश्वर म्हणून प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या भुवनेश्वरीदेवींनी पुत्रासाठी याच वीरेश्वराकडे नवस बोलला आणि १८६३ मध्ये जन्मलेल्या त्या मुलाचे नाव आरंभी वीरेश्वर असे ठेवले गेले. हे मूल म्हणजेच स्वामी विवेकानंद. मुलांविषयीची आईबापांची काळजी या परिसराला अशी फार जुनी आहे.

मुलांनी काय वाचावे, काय पाहावे, काय ऐकावे हे कोणी आणि कोणत्या निकषावर ठरवावे, या प्रश्नाचा विचार या स्थानावरून करण्यास आणखी एक वाङ्मयीन कारण आहे. संत एकनाथांनी आपले ‘भागवत’ शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये काशीत पूर्ण केले. पहिले पाच अध्याय पैठणास आणि उरलेले काशीत असा या एकतीस अध्यायांच्या ग्रंथाचा रचनाक्रम सांगितला जातो. ग्रंथसमाप्तीच्या संदर्भात मणिकर्णिकेचा परिसर आणि पंचमुद्रा पीठ यांचा उल्लेख परंपरेने जपला आहे. त्याआधी दोन वर्षे, शके १४९३ च्या रामनवमीला, त्यांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ही वाराणसीतच पूर्ण झाले होते. स्वतः एकनाथ मूळ नक्षत्रावर जन्मले आणि लहानपणीच आईबापांना अंतरले, असेही परंपरा सांगते. काशीखंडातील त्या मुलाची कथा आणि या कवीचे चरित्र यांतील हे साम्य योगायोगाचे असले तरी विसरण्याजोगे नाही.

‘रुक्मिणीस्वयंवर’ हा ग्रंथ प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी यावा असाच आहे. मराठी आईबापांनी आपल्या वाढत्या वयाच्या मुलींच्या हाती शतकानुशतके जे ग्रंथ आवर्जून दिले त्यांत त्याचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. उपवर मुलीने त्याचे पारायण करावे म्हणजे मनाजोगता वर मिळतो, ही समजूत आजही अनेक घरांत टिकून आहे.

२

ग्रंथात आहे काय, हे आजच्या नजरेने एकदा पाहिले पाहिजे. भीमकराजाची कन्या रुक्मिणी कृष्णाचे गुणवर्णन ऐकून त्याला मनाने वरते. आईवडिलांचा कल तिच्या बाजूचा आहे. परंतु थोरला भाऊ रुक्मी शिशुपालाशी विवाह ठरवितो आणि घरात त्याचेच चालते. तेव्हा ही मुलगी घरच्यांना न कळविता परक्या पुरुषाला पत्र लिहिते आणि ब्राह्मणाकरवी ते द्वारकेला धाडते. लग्नापूर्वी देवीच्या दर्शनाला म्हणून ती बाहेर पडते आणि तेथूनच तिचे हरण होते. पुढे युद्ध होते. बहिणीसाठी धावून आलेल्या भावाची विटंबना केली जाते, आणि त्या विटंबनेबद्दल बलराम कृष्णालाच बोल लावतो. शृंगार, पलायन, हिंसा, वडीलधाऱ्यांच्या निर्णयाचा भंग असे सारे या कथेत आहे. केवळ आशयाची यादी करून निवाडा द्यायचा झाला, तर कोणत्याही काळजीवाहू बापाने हा ग्रंथ कुलूपबंद कपाटात ठेवला असता.

प्रत्यक्षात घडले ते याच्या अगदी उलट. याचे एक उत्तर ग्रंथाच्या आध्यात्मिक रूपकात शोधले जाते. रुक्मिणी हा जीव, कृष्ण हे परब्रह्म, पत्र म्हणजे मुमुक्षूची आर्त हाक आणि विवाह म्हणजे जीवशिवांचे ऐक्य, हे एकनाथांचे विवरण सर्वपरिचित आहे. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने रूपकाचा हा सारा पट समजून घेऊन पारायण केले असेल, असे मानणे कठीण आहे. तिला प्रथम भिडली असणार ती कथाच. ती कथा तिच्यापर्यंत पोहोचू देण्यास वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली नाही, हे महत्त्वाचे आहे.

दुसरे उत्तर ग्रंथाच्या बाहेर, तो वाचला जाण्याच्या रीतीत सापडते. पारायण ही बंद दाराआड करावयाची गोष्ट नव्हती. अठरा प्रसंगांचा हा ग्रंथ देवघरासमोर, ठरल्या वेळी, मोठ्याने वाचला जाई. आई स्वयंपाकघरातून ऐके, आजी जपमाळ ओढीत ऐके, एखादी काकू मध्येच थांबवून अर्थ विचारी किंवा सांगे. एकनाथांनी विवाहसोहळ्याचे जे सविस्तर मराठी वळणाचे वर्णन केले आहे, त्यावर घरातील बायकांचे स्वतःच्या लग्नातील आठवणींचे शेरे पडत असणार. धाकट्या बहिणीच्या कानावरही तोच मजकूर पडे आणि तिला त्यातले जेवढे समजायचे तेवढेच समजे. म्हणजे ग्रंथाबरोबर मुलीला एक सोबत दिली जात होती. धीट मजकूर त्या सोबतीत सुरक्षित होई, आणि त्यासाठी त्याचा धीटपणा छाटून टाकण्याची गरज भासत नसे.

‘योग्य’ या शब्दाची व्युत्पत्तीही हेच सुचविते. ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूवरून योग आणि योगावरून योग्य. जे जोडता येते ते योग्य. योग्यता ही वस्तूच्या पोटात दडलेली गुणवत्ता नसून दोघांमधील जोडणीचे नाव आहे. ग्रंथ कोणाशी, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या साक्षीने जोडला जातो, यावर तो योग्य की अयोग्य हे ठरते. मराठी बालवाङ्मयाच्या चर्चेत हा मूळ अर्थ हळूहळू मागे पडला आणि योग्यता ही केवळ मजकुराची बाब मानली जाऊ लागली.

३

हे स्थित्यंतर मुद्रणाबरोबर सुरू झाले. अमेरिकन मिशनने १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ काढला, विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये आले आणि वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झाला. या नियतकालिकांनी मराठी मुलाला प्रथमच स्वतंत्र वाचक म्हणून ओळख दिली, आणि ही कामगिरी लहान नव्हे. तोवर मोठ्यांच्या कानांसाठी असलेल्या कीर्तन-पुराणातला आपला वाटा मूल आपल्या परीने उचलीत असे. आता त्याच्या नावाने छापलेला अंक त्याच्या हाती पडू लागला. पण ज्या क्षणी मुलांचे वाङ्मय वेगळे झाले, त्याच क्षणी मुलांसाठी नसलेले वाङ्मयही वेगळे झाले. सीमारेषा आखली की तिच्यावर पहारेकरी नेमावा लागतो. संपादक, शिक्षक आणि बाप असे तीन पहारेकरी नेमले गेले. त्यांच्या हातात जे मोजमाप होते त्याचे नाव ‘संस्कार’.

संस्कार या शब्दाने मराठी बालसाहित्याच्या समीक्षेवर दीर्घकाळ राज्य केले. पुस्तक चांगले म्हणजे संस्कारक्षम, ही व्याख्या इतकी रुळली की तिच्यातील गृहीत तपासण्याची गरज कोणाला भासली नाही. गृहीत असे की पुस्तकातील आशय थेट मुलाच्या मनात उतरतो. सद्गुणाची गोष्ट वाचली की सद्गुण उतरतो, दुर्गुणाची वाचली की दुर्गुण. या गृहीताची सर्वांत चांगली परीक्षा संस्कारक्षमतेचा मानदंड मानल्या गेलेल्या पुस्तकावरच घेता येते.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘श्यामची आई’ आईबापांनी निःशंक मनाने मुलांच्या हाती दिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि मुलांना चित्रपटगृहात नेण्यास कचरणारी कुटुंबेही तो पाहावयास गेली. परंतु या पुस्तकातही चोरी आहे, आणि ती श्यामची आहे. पुस्तके घेऊन मोठे व्हावे या ओढीने केलेली. कर्ज आहे, घरावर चालून आलेल्या तगाद्याचा अपमान आहे, अर्धपोटी दिवस आहेत आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. तो मृत्यू सौम्य करून दाखविलेला नाही. आशयाची यादी करणाऱ्या परीक्षकाला येथेही धोक्याच्या खुणा करीत जावे लागेल.

तरीही ते मुलांसाठी निर्धोक ठरले याचे कारण त्याच्या घडणीत आहे. हे पुस्तक प्रकरणांत विभागलेले नसून रात्रींत विभागलेले आहे. आश्रमातील मंडळी दिवसाची कामे आटोपून एकत्र बसतात आणि श्याम सांगतो. ऐकणारे प्रश्न विचारतात, डोळे पुसतात, उद्या पुन्हा येण्याचे ठरवून उठतात. दुःखाच्या प्रत्येक प्रसंगाभोवती ऐकणाऱ्यांचे एक कडे आहे. एकट्याने वाचणाऱ्या मुलालाही आपण त्या कड्यात बसलो आहोत असे वाटते. पारायणाच्या सभोवती घरात जी सोबत होती, ती साने गुरुजींनी मुद्रित पुस्तकाच्या आत बांधून घेतली. या पुस्तकाच्या यशाचे हे मर्म समीक्षेने पुरेसे ओळखले नाही. त्यातील अश्रू आणि उपदेश यांचेच अनुकरण पुढे झाले, आणि ती अनुकरणे मुलांनी वाचली नाहीत.

उलट, ज्यांनी संस्काराचे मोजमाप बाजूला ठेवले त्यांना ही सोबत सहज साधली. विंदा करंदीकरांच्या ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ची गंमत मोठ्याने म्हणण्यात आहे, भूत आणि भीती या दोन्ही गोष्टी घरातल्या हशात विरघळून जातात. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले, पुढे रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्यांतून राक्षस आणि चेटकिणी रंगमंचावर आल्या. ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकिणीला पाहून घाबरलेले मूल शेजारच्या खुर्चीवरचा हात धरते, आणि तो हात तेथे असतोच. एकट्या मुलाला एखादी भीती सोसवणार नाही; सोबतीत तीच भीती त्याला हवीहवीशी होते.

४

कायद्याने मात्र प्रारंभापासून मजकुरालाच हात घातला. चित्रकथांतील क्रौर्य आणि गुन्हेगारी यांच्या भयाने ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला आणि पाठोपाठ भारतात १९५६ चा तरुण व्यक्तींविषयीचा अपायकारक प्रकाशन कायदा आला. वीस वर्षांखालील वाचक या कायद्याने ‘तरुण व्यक्ती’ मानला. म्हणजे एकोणीस वर्षांची विवाहित स्त्री, जिच्या मांडीवर मूल असू शकते, ती स्वतः कायद्याच्या लेखी रक्षणीय वाचक ठरली.

मराठीपुरता हा प्रश्न धसास लागला तो चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवरून. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात ही कथा आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. निकालपत्रात पौगंडावस्थेतील वाचकाचा विचार आवर्जून केलेला आहे. कामविषयाचा उल्लेख आहे एवढ्यावरून कादंबरी किशोरवयीनांसाठी अयोग्य ठरवायची, तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असा त्यातील युक्तिवादाचा आशय आहे. ‘रुक्मिणीस्वयंवर’ समोर ठेवले की हा युक्तिवाद आणखी एक पाऊल पुढे नेता येतो : या निकषावर धार्मिक पुस्तकेही वाचता येणार नाहीत.

यातून एक विसंगती समोर येते. दिवाळी अंक ही मराठी घरात एकत्र वाचली जाणारी वस्तू. एकच अंक आजोबा, आई आणि शाळकरी मुलगा आळीपाळीने वाचीत. त्यातील काही पाने मुलाने वाचू नयेत असे आईला वाटे आणि नेमकी तीच पाने मुलगा गच्चीवर जाऊन वाची. बंदी घातलेल्या पानाने त्याला बिघडविले की गच्चीवरच्या एकटेपणाने, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयापुढे आला नाही.

५

तो निवाडा एका मराठी चित्रपटाने मांडला. रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक-पालक’ हा चित्रपट जानेवारी २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. व्हीसीआर नुकते भाड्याने मिळू लागले होते, त्या काळातल्या चाळीत त्याची मुख्य कथा घडते. चाळीतली एक तरुण ताई बदनाम होऊन निघून जाते. तिने ‘शेण खाल्ले’ असे मोठी माणसे कुजबुजतात. मुले विचारतात, शेण खाल्ले म्हणजे काय? या प्रश्नाला कोणीही उत्तर देत नाही. कोणी रागावतो, कोणी विषय बदलतो, कोणी अभ्यासाला पिटाळतो. मग विशू नावाचा माहीतगार सवंगडी भेटतो आणि उत्तर भाड्याच्या कॅसेटमध्ये सापडते.

चित्रपटाची खरी बोच त्या कॅसेटमध्ये नाही, ती मुलांच्या प्रश्नात आहे. चाळीत माणसांची कमतरता नाही. दारे उघडी, गॅलरी सामायिक, प्रत्येकाचे प्रत्येकावर लक्ष. बाहेरून पाहता मुलांना भरपूर सोबत आहे. तरी ती मुले एकटी आहेत. कारण ती सोबत पाहते, ऐकत नाही. सोबत आणि पाळत यांतील हा भेद ‘बालक-पालक’ अचूक दाखवितो. शेवटी किशोर कदम यांनी साकारलेले कदमकाका मुलांशी सरळ बोलतात. काका काही नवे ज्ञान देत नाहीत. मुलांचा प्रश्न लाजिरवाणा नाही, एवढेच ते आपल्या वागण्यातून सांगतात, आणि जे काम मारझोडीने झाले नसते ते त्या बोलण्याने होते. आजच्या काळातील जोडप्याची जी चौकट या कथेला दिली आहे, तिच्यामुळे प्रश्न पुन्हा उभा राहतो : कालचे बालक आजचे पालक झाल्यावर वेगळे वागतील काय?

चित्रपटाचे दोषही नोंदविले पाहिजेत. कदमकाकांचे बोलणे शेवटी भाषणाकडे झुकते आणि कथेने कमावलेले काही अंशी उपदेशात खर्च होते. मुलींच्या वाट्याला आलेले कुतूहल मुलांच्या कुतूहलाइतके मोकळेपणाने रंगविलेले नाही. निघून गेलेल्या ताईचे पुढे काय झाले, ही बाजू तर झाकलेलीच राहते. रुक्मिणीने पत्र लिहिले आणि ती देवी झाली. चाळीतल्या ताईची बदनामी झाली. घराने एकीची कथा मुलींच्या हाती दिली आणि दुसरीची कथा मुलींपासून लपविली. या दोन निवडींमधील अंतर म्हणजे मराठी मध्यमवर्गाच्या ‘योग्य’ या कल्पनेचा खरा इतिहास होय.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. सोबतीच्या ज्या घरांची चर्चा वर आली ती कोणाची होती? देवघर, पारायण, ऐकणारी आजी, दिवाळी अंक हे सारे मुख्यतः उच्चवर्णीय, लेखनवाचन असलेल्या घरांचे चित्र आहे. त्या घरांतही मुलीला पारायण दिले जाई ते वर मिळावा म्हणून. रुक्मिणीसारखा तिने निर्णय घ्यावा अशी अपेक्षा नव्हतीच. याशिवाय ‘मुलांसाठी अयोग्य’ या शिक्क्यामागे पुष्कळदा ‘चांगल्या घरातील मुलांसाठी अयोग्य’ असा जातिवर्गाचा अर्थ दडलेला असे. तमाशा चांगल्या घरातील मुलाने पाहू नये, असे सांगितले जाई तेव्हा तमाशाच्या फडावर वाढणारे मूल कोणाच्याही विचारात नसे. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने त्या मुलाला प्रथमच बोलते केले. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) यांतील बालपणांनाही निवडीची मुभा नव्हती. जे समोर आले ते पाहावे लागले, आणि ते पुस्तकात नव्हते, अंगावर होते. मुलांना काही गोष्टींपासून दूर ठेवता येणे हा मुळात एक विशेषाधिकार आहे, ही जाणीव दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी दिली. बालसाहित्याच्या समीक्षेने ती अजून पुरती पचविलेली नाही.

हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याने सोबतीचे तत्त्व खोटे ठरत नाही. उलट, या आत्मकथनांतील बालपणे वाचताना जी गोष्ट सर्वाधिक जाणवते ती हीच की सोसण्याच्या काळात शेजारी कोणी आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते. विशेषाधिकार मोडून काढावयाचा तो निवडीचा. सोबत मात्र सर्वांच्या वाट्याला यावयास हवी.

६

गेल्या काही वर्षांत निवडीची यंत्रणा अधिक बारीक झाली आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आंतरजालावरून घरी येणाऱ्या चित्रपट-मालिकांना सात, तेरा आणि सोळा वर्षे अशी वयोवर्गवारी लावली आणि तेरा वर्षांवरील वर्गासाठी पालकांच्या हाती कुलूप ठेवण्याची तरतूद केली. २०२३ मध्ये चित्रपट कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटगृहांतील ‘यूए’ प्रमाणपत्राचेही याच तीन टप्प्यांत विभाजन झाले. या व्यवस्थेने अंतिम निर्णय पालकांवर सोपविला आहे आणि तत्त्वतः ते योग्यच आहे. अडचण अशी की तिने पालकाला जे साधन दिले ते कुलूप आहे. कुलपाची किल्ली आईबापांकडे असली तरी कुलपाच्या आत बसलेले मूल एकटेच असते. सात वर्षांच्या मुलासाठी प्रमाणित झालेली मालिका त्याने एकट्याने सलग चार तास पाहिली, तर त्या प्रमाणपत्राला काही म्हणावयाचे नसते. तेरा वर्षांवरील म्हणून ठरलेला एखादा चित्रपट बारा वर्षांच्या मुलीने आजीला टेकून पाहिला, मध्येच थांबवून दोन प्रश्न विचारले, तर पालकांच्या मार्गदर्शनाखाली नियम त्याला मुभा देतो; पण ती सोबत कुलूप पुरवू शकत नाही. वर्गवारी निरुपयोगी आहे असे नव्हे. घाईच्या वेळी ती उपयोगी पडते. पण तिला निवाड्याचे स्थान दिले की पालकत्व संपून पहारा सुरू होतो.

संकठा घाटावर हा प्रश्न आणखी एका अंगाने सामोरा येतो. काशीतील मराठी घरात मूल घरी मराठी ऐकते, घाटावर भोजपुरी आणि हिंदी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. अशा घरातील आईबापांपुढे ‘योग्य काय’ हा प्रश्न पुष्कळदा ‘आपले काय’ असे रूप घेऊन उभा राहतो. मराठी गोष्टीचे पुस्तक केवळ मराठी आहे म्हणून योग्य ठरते. मुलाला ते गोड लागते की नाही, याची चौकशी मागे पडते. पण भाषा तर सर्वांत अधिक सोबतीने टिकणारी गोष्ट आहे. मराठी पुस्तक मुलाच्या कपाटात ठेवल्याने मराठी राहत नाही. कोणी ते त्याच्याबरोबर वाचावे लागते. एकनाथांच्या भागवताला संस्कृताभिमानी पंडितांनी काशीतच हरकत घेतली आणि पुढे काशीतच त्याचा सन्मान झाला, ही परंपरेतील कथा येथे आठवावी. हरकत घेणाऱ्यांनी भाषा पाहिली होती. सन्मान झाला तो ग्रंथ ऐकल्यावर.

आणि याच घाटावरून शिंदे घाट ओलांडला की मणिकर्णिका आहे. तेथे अहोरात्र चिता जळतात. या परिसरातील मूल शाळेत जाता-येता, पतंग उडविताना, नदीत डुंबताना ते दृश्य पाहत वाढते. मृत्यू मुलांना दाखवावा की नाही, यावर अन्यत्र पालक चर्चा करतात. येथे तो निर्णय कोणी घेतलेलाच नाही. तरी काशीतील मुले त्या दृश्याने भेदरलेली असतात, असे कोणी म्हणत नाही. ते दृश्य त्यांच्यापुढे एकटे येत नाही, हेच त्याचे कारण. त्याच्याबरोबर रामनामाचा घोष असतो, नावाड्याची हाक असते, आणि बोट धरून चालणारे कोणी विचारल्यावर दोन शब्दांत उत्तर देते. जगातील सर्वांत कठीण दृश्य त्या बोटाच्या आधाराने मुलाच्या आवाक्यात येते.

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेने पुस्तकाच्या मजकुराबरोबर या बोटाचाही विचार करावयास हवा. ‘हे मुलांसाठी योग्य आहे काय?’ या प्रश्नाला ‘आणि तेव्हा शेजारी कोण बसले आहे?’ ही पुस्ती जोडल्याखेरीज त्याचे उत्तर पुरे होत नाही. काशीखंडातील राणीने सल्ला ऐकून मूल देवीपुढे ठेववले. कथा त्या मुलाला वाचविते, कारण देवीच्या स्थानी मातृका होत्या. पडद्यासमोर ठेवून निघून आलेल्या मुलाच्या शेजारी कोण असेल, याची हमी कोणतेही पुराण देत नाही.